हृदयातील भिंत : प्राण्यांच्या रक्ताभिसरणाचा एक अभ्यास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. आयुष्यभर इतिहास शिकविलेल्या शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करणार? तरीही मी आज प्राण्यांच्या हृदयाविषयी लिहीत आहे. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी माझ्या घरी आली. कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. "जय भीम, सर" म्हणून ती बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, हिच्या हृदयाला छिद्र आहे म्हणतात. मला सातवा महिना होता तेव्हा ग्रहण होते. संध्याकाळची वेळ. मी विळीवर भाजी चिरली. घरात सगळे म्हणतात, त्यामुळेच झाले. खरे असेल का, सर?"

मी तत्काळ "नाही" म्हणालो. तिने विचारले, "मग कशामुळे?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. धम्मदीक्षेनंतरची तिसरी पिढी नांदत असलेल्या घरातून ग्रहण अजून गेलेले नाही, याचे दुःख झाले. परंतु त्याहून अधिक खंत वाटली ती माझ्या रिकाम्या "नाही"ची. कारण न देता केलेला नकार हीसुद्धा एक प्रकारची पोथीच असते. त्या सुट्टीत मी आपल्या विज्ञान शिक्षकांकडून पुस्तके घेतली आणि विद्यार्थी होऊन बसलो. त्या अभ्यासाचे हे टिपण आहे.

१. रक्त फिरते कशासाठी?

जिवंत पेशीला अन्न व प्राणवायू लागतो आणि तिच्यातील टाकाऊ द्रव्ये बाहेर जावी लागतात. डबक्यातील अमिबा एकाच पेशीचा असतो. भोवतालच्या पाण्यातील प्राणवायू त्याच्या पातळ आवरणातून आपोआप आत झिरपतो. हायड्रा किंवा चपटकृमी यांचे शरीर अनेक पेशींचे असले, तरी कोणतीही पेशी पाण्यापासून किंवा अन्नाच्या पोकळीपासून फार दूर नसते. म्हणून या प्राण्यांना हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत आणि त्यांचे त्यावाचून काही अडतही नाही.

झिरपण्याची ही क्रिया मिलिमीटरच्या अंशाएवढ्या अंतरावर उत्तम चालते. अंतर वाढले की ती फार मंदावते. शरीर मोठे झाले, आतल्या पेशी पृष्ठभागापासून दूर गेल्या, की मालाची ने-आण करणारी व्यवस्था हवी. तीच रक्ताभिसरण संस्था होय. तिचे तीन घटक मानता येतात : वाहणारा द्रव, त्याला ढकलणारा पंप आणि त्याचा मार्ग. निरनिराळ्या प्राण्यांत या तिन्हींची रचना निरनिराळी आढळते.

२. खुली व्यवस्था आणि बंद व्यवस्था

झुरळ मारले तर लाल रक्त दिसत नाही, पांढुरका द्रव दिसतो. हे सर्वांनी पाहिले आहे. त्याचे कारण मात्र फार थोड्यांनी विचारले असेल. झुरळाच्या पाठीलगत तेरा कप्प्यांची एक लांबट नळी असते. तेच त्याचे हृदय. ते द्रव पुढे ढकलते. पण तो द्रव पुढे नळ्यांतून न जाता शरीराच्या पोकळीत सुटतो, सर्व अवयवांना भिजवतो आणि हळूहळू पुन्हा हृदयात शिरतो. पाटाचे पाणी वाफ्यात सोडावे तसा हा प्रकार आहे. याला खुले रक्ताभिसरण म्हणतात.

अशा संथ व्यवस्थेवर चपळ कीटक कसा जगतो? उत्तर असे की कीटकाचा प्राणवायू रक्तातून जातच नाही. शरीराच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रे असतात आणि त्यांपासून निघालेल्या श्वासनलिकांच्या शाखा हवा थेट पेशींपर्यंत पोहोचवितात. रक्ताकडे केवळ अन्न, संप्रेरके व टाकाऊ द्रव्ये यांचीच ने-आण राहते. प्राणवायू वाहायचाच नाही, म्हणून रक्तात तो धरून ठेवणारे लाल द्रव्यही नाही.

कोळंबी व खेकडा यांचेही रक्ताभिसरण खुलेच. मात्र ते कल्ल्यांनी श्वास घेतात आणि त्यांच्या रक्ताला प्राणवायू वाहावा लागतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते. यांच्या रक्तात हिमोसायनिन असते आणि त्यात तांबे असते. प्राणवायू मिळाला की त्याला निळसर छटा येते. ऑक्टोपसचे रक्तही असेच निळसर. पण त्याची व्यवस्था बंद आहे आणि हृदये तीन आहेत. दोन हृदये कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरे उरलेल्या शरीराकडे.

आपल्या शेतातील गांडुळाचे रक्ताभिसरणही बंद स्वरूपाचे आहे. त्याचे रक्त वाहिन्यांतूनच फिरते आणि ते लाल असते. हिमोग्लोबिन तेच, फक्त ते पेशींत बसलेले नसून द्रवात विरघळलेले असते. ज्याला आपण मातीतला क्षुद्र जीव म्हणतो, त्याच्या आणि आपल्या रक्ताचा लाल रंग एकाच द्रव्यामुळे आलेला आहे.

३. माशापासून मगरीपर्यंत

आता पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांकडे वळू. यांच्या हृदयात दोन प्रकारचे कप्पे असतात. रक्त स्वीकारणारा कप्पा म्हणजे अलिंद, ज्याला जुन्या पुस्तकांत कर्णिका म्हणत. रक्त जोराने बाहेर ढकलणारा जाड स्नायूंचा कप्पा म्हणजे निलय, अर्थात जवनिका.

माशाच्या हृदयात एक अलिंद व एक निलय असतो. हृदयातून निघालेले रक्त प्रथम कल्ल्यांत जाते, तेथे प्राणवायू घेते, तेथूनच पुढे सर्व शरीरात जाते आणि मग हृदयात परतते. एका फेरीत रक्त हृदयातून एकदाच जाते. कल्ल्यांतील केशवाहिन्यांतून जाताना रक्ताचा दाब बराच कमी होतो. परंतु पाण्याने तोलून धरलेल्या माशाच्या शरीराला तेवढा दाब पुरतो.

बेडकाच्या हृदयात दोन अलिंद व एक निलय असतो. फुप्फुसांकडून आलेले रक्त एका अलिंदात, शरीराकडून आलेले दुसऱ्यात. पण दोन्ही एकाच निलयात उतरतात. मधली भिंत नाही. "म्हणून बेडकात शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळते," असे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. ते अपुरे आहे. निलयाच्या आतल्या खाचा आणि पुढच्या मार्गातील वळणदार पडदा यांमुळे हे दोन प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात. शिवाय बेडूक त्वचेनेही श्वास घेतो आणि त्वचेकडून प्राणवायू घेऊन आलेले रक्त 'अशुद्ध' बाजूच्या अलिंदातच येते. पाण्याखाली असताना फुप्फुसांत नवी हवा नसते. तेव्हा तिकडे रक्त पाठविण्यात अर्थ नसतो. भिंत नसल्यामुळे ते रक्त शरीराकडे वळविता येते. बेडकाच्या जगण्याला ती मोकळी जागा सोयीची आहे.

पाल, सरडा, साप, कासव यांच्या निलयात अर्धवट भिंत असते. मगरीत ती पूर्ण होते आणि कप्पे चार होतात. तरीही मगरीने एक वाट मोकळी ठेवली आहे. तिच्या हृदयातून दोन महाधमन्या निघतात आणि त्या हृदयाबाहेर पडताच एका लहान छिद्राने परस्परांना जोडलेल्या असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ पॅनिझा याने १८३३ मध्ये या छिद्राचे वर्णन केले आणि ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. या रचनेमुळे मगरीला फुप्फुसांकडे जाणारे रक्त कमी-अधिक करता येते.

पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे हृदय चार कप्प्यांचे असून मधली भिंत पूर्ण असते. रक्त एका फेरीत दोनदा हृदयात येते. उजवी बाजू ते फुप्फुसांकडे कमी दाबाने पाठविते, डावी बाजू सर्व शरीराकडे अधिक दाबाने पाठविते. शरीर सतत उबदार ठेवण्यासाठी जो भरपूर प्राणवायू लागतो, तो या व्यवस्थेमुळे मिळतो. मात्र पक्ष्यांकडून आपण किंवा आपल्याकडून पक्ष्यांनी ही रचना घेतलेली नाही. दोन्ही वंशांत ती स्वतंत्रपणे घडली. मुख्य महाधमनी पक्ष्यांत उजवीकडे वळते, आपल्यात डावीकडे. दोन वाटा वेगळ्या असल्याची ही एक खूणच होय.

चार कप्प्यांच्या हृदयांतही केवढे अंतर आहे! आपल्या चिचुंद्रीच्याच कुळातील सर्वांत लहान भाईबंदाचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक वेळा धडधडू शकते. उलट २०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके प्रथमच मोजले, तेव्हा खोल बुडी मारताना ते मिनिटाला दोनपर्यंत खाली आल्याचे आढळले.

येथे एक शब्द मला खटकतो. अभ्यासिकेत मी मुलांना विचारले, "माशाचे हृदय आणि आपले हृदय यांत फरक काय?" एका मुलाने उत्तर दिले, "सर, माशाचे खालच्या दर्जाचे, आपले वरच्या." त्याचा दोष नाही. प्राणिमात्रांना एका शिडीवर खालून वर मांडण्याची पद्धत प्राचीन ग्रीकांपासून चालत आली आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषेत मुरली. परंतु शिडी निसर्गात नाही, मांडणाऱ्याच्या मनात आहे. प्रत्येक हृदय त्या त्या जीवाच्या गरजेला उतरलेले आहे. उंच-नीचतेची पायरी आपण समाजात तोडू पाहतो. निदान विज्ञानाच्या वहीत तरी ती नव्याने बांधू नये.

४. चौदा शतके टिकलेली छिद्रे

आता थोडा माझा विषय. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा विख्यात ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शरीरात जाते आणि तेथेच खर्ची पडते. उजवीकडचे थोडे रक्त डावीकडे कसे जाते? त्याने सांगितले, हृदयाच्या मधल्या भिंतीला सूक्ष्म छिद्रे आहेत, त्यांतून. ही छिद्रे कोणाला दिसली नव्हती. तरी सुमारे चौदा शतके वैद्यकाचे विद्यार्थी ती आहेत असेच शिकत राहिले, कारण गॅलेनने तसे लिहिले होते.

तेराव्या शतकात दमास्कस व कैरो येथे वावरलेल्या इब्न अल्-नफीस या वैद्याने स्पष्ट लिहिले की ही भिंत भरीव आहे. रक्त उजवीकडून फुप्फुसांत जाते आणि तेथून डावीकडे येते. त्याचे हे विधान पुढे विस्मरणात गेले आणि १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनमधील हस्तलिखितात ते पुन्हा सापडले. सोळाव्या शतकात व्हेसालियसनेही भिंतीतील छिद्रे आपल्याला आढळत नसल्याचे नोंदविले. तरी गॅलेनचा संपूर्ण सिद्धांत ढासळला तो १६२८ मध्ये, विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याच्या एका छोट्या लॅटिन ग्रंथाने. त्याच्या शीर्षकातच 'प्राण्यांमधील' हृदय व रक्त यांच्या गतीचा उल्लेख आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हार्वेने बेडूक, साप, मासे, गोगलगायी, झिंगे अशा अनेक जीवांची हृदये पाहिली. कुत्र्याचे हृदय इतक्या वेगाने हालते की आकुंचन कोणते आणि प्रसरण कोणते हेच कळत नाही. थंड रक्ताच्या प्राण्यांत ती हालचाल संथ असते आणि डोळ्यांना उलगडते. ज्यांना खालचे मानले जाई, त्याच प्राण्यांनी माणसाच्या हृदयाचे गूढ सोडविण्यास हात दिला.

दुसरी गोष्ट त्याने केली ती मोजण्याची. तो हिशेब आपण आजच्या आकड्यांनी करून पाहू. प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५,०४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर. तासाला तीनशे लिटर. दोनशे लिटरचे पाण्याचे पिंप घेतले तर दीड पिंप. आपण तासाला एवढे अन्न खातो काय? मग यकृत एवढे रक्त रोज नव्याने कोठून करणार? शरीरात मुळात रक्त आहे पाच लिटरच्या आसपास. अर्थ एकच उरतो : तेच रक्त पुनःपुन्हा फिरते.

धमन्यांतून शिरांत रक्त कोणत्या वाटेने जाते, हे हार्वेला दिसले नाही, कारण त्याच्यापाशी पुरेसे सूक्ष्मदर्शक नव्हते. १६६१ मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. हार्वेचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाने त्याचे अपुरे काम पुरे केले.

हार्वेच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. १६३४ मध्ये लँकेशायर भागातील काही स्त्रियांना चेटकिणी ठरविण्यात आले होते. त्यांच्या तपासणीचे काम राजाने हार्वेकडे सोपविले. शल्यवैद्य व सुईणी यांनी तपासून अहवाल दिला की अनैसर्गिक असे काही आढळले नाही. ज्या मुलाच्या साक्षीवरून हे सारे घडले, त्यानेही पुढे आपण खोटे बोललो अशी कबुली दिली. घरात काही अघटित घडले की एखाद्या बाईकडे बोट दाखवायचे, ही रीत एका देशाची नाही आणि एका काळाचीही नाही.

५. आईच्या पोटातील हृदय

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येऊ. गर्भाचे हृदय आरंभी एक साधी नळी असते. ती वळते, फुगते, तिच्यात कप्पे पडतात. दोन निलयांमधील भिंत वेगवेगळ्या भागांतून वाढत येते आणि साधारणतः आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. काही बाळांत तिचा एखादा भाग जुळायचा राहून जातो. हेच ते छिद्र. ग्रहण झाले सातव्या महिन्यात. भिंत जुळायची ती दुसऱ्या महिन्यातच जुळली किंवा राहिली. जी गोष्ट पाच महिने आधी घडून गेली, तिचे कारण त्या संध्याकाळच्या विळीत कसे असेल? माझ्या "नाही"ला हवे असलेले कारण मला येथे सापडले.

आणखी एक गोष्ट. गर्भाच्या दोन अलिंदांमधील पडद्यात प्रत्येकालाच एक झडपेसारखी वाट असते. गर्भ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. प्राणवायू वारेतून, आईच्या रक्ताकडून मिळतो. म्हणून बहुतांश रक्त फुप्फुसांना टाळून थेट डावीकडे जाते. हार्वेने आपल्या ग्रंथात याचाही विचार केला आहे. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की दाब बदलतो आणि ही वाट मिटते. सुमारे एक चतुर्थांश माणसांत ती पुढेही पूर्णपणे चिकटलेली नसते आणि त्यांतील बहुतेकांना याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. म्हणजे तुम्ही, मी आणि त्या घरातील बोट दाखविणारे सर्वजण, एके काळी हृदयातील मोकळ्या वाटेवरच जगलो आहोत.

६. पालकांसाठी चार गोष्टी

जन्मतः हृदयदोष हजार बाळांत साधारण आठ-नऊ जणांत आढळतो. पुष्कळदा त्याचे नेमके एक कारण सापडत नाही. काही वेळा गुणसूत्रांतील बदल, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणाच्या आरंभी झालेला रुबेला, काही औषधे किंवा मद्य यांचा संबंध असतो. म्हणून मातेची तपासणी आरंभापासून करावी आणि सल्ल्याशिवाय औषध घेऊ नये.

निलयांमधील लहान छिद्रे अनेकदा मूल वाढताना आपोआप बुजतात. मात्र तशी खात्री डॉक्टरांनी वेळोवेळी तपासूनच द्यायची असते. छिद्र मोठे असेल तर डावीकडचे रक्त दाबाने उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांवर व हृदयावर ताण येतो. दूध पिताना बाळाला धाप लागणे, घाम फुटणे, वजन न वाढणे, छातीचे आजार वारंवार होणे किंवा ओठ निळसर दिसणे, यांपैकी काही आढळल्यास अंगारा-धुपाऱ्यात एक दिवसही घालवू नये. हृदयाच्या सोनोग्राफीने दोष कळतो आणि गरजेप्रमाणे औषध वा शस्त्रक्रियेने उपचार होतात.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शासकीय तसेच अनुदानित शाळांत एकदा मुलांची तपासणी केली जाते आणि हृदयदोष असलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठविले जाते. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. 'आमच्या मुलाला काही नाही' असे म्हणून पथकाला परत पाठवू नका.

चौथी गोष्ट सर्वांसाठी. आपल्या मनगटावर दोन बोटे ठेवून एक मिनिट ठोके मोजा. आधी आपले, मग आजीचे, मग लहान मुलाचे. लहानाचे अधिक का, हे मुलाला विचारा आणि त्याच्याबरोबर उत्तर शोधा. चिचुंद्री आणि देवमासा यांची आठवण ठेवलीत तर ते सापडेल.

हे सारे मी त्या मुलीला कागदावर चित्रे काढून समजावून सांगितले. तिने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "सासूबाईंना दाखवते," म्हणाली. बाळाची तपासणी नियमित चालू आहे. छिद्र लहान होत गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि ती आता अंगणवाडीत जाते. सासूबाईच तिला सोडायला जातात. मागच्या भेटीत त्यांनी मला विचारले, "सर, ते बेडकाचं चित्र परत एकदा काढून देता का? आमच्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत, तिलाही दाखवते."

मी नवा कागद घेतला आणि या वेळी भिंत थोडी अधिक नीट काढली.